अढी कोणाची, ॲक्सेल कोणाची?



मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी प्रश्न पाठवला होता. हिवाळी ऑलिंपिकमधलं फिगर स्केटिंग त्यांच्या घरी सगळे मिळून बघतात. एक जण म्हणतो, ॲक्सेल उडी बघावी तर जपानच्या हान्यूची. दुसरा म्हणतो, गिरक्या बघाव्यात तर स्वित्झर्लंडच्या लाम्बिएलच्या. वाद काही मिटत नाही. त्यांनी विचारलं होतं, की असल्या वादाला काही अर्थ असतो का, की ही ज्याच्या त्याच्या आवडीची गोष्ट?

प्रश्न गमतीत विचारला असेल. पण आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे ‘चांगलं कोणतं’ असा वाद दिसला की आम्हाला राहवत नाही. शिवाय पुण्याला हा वाद नवा नाही. इथल्या तालमींत आणि व्यायामशाळांत मल्लखांबाशेजारी बसणारी जुनी मंडळी हेच बोलत आली आहेत. अढी अमक्याची, वेल तमक्याचा, ताजवा त्या तिसऱ्याचा. म्हणून आज आपण मल्लखांबाच्या इतिहासातून या प्रश्नाकडे जाऊ आणि स्केटिंगला सोबतीला घेऊ. दोन्हींची कहाणी काही बाबतींत इतकी सारखी आहे, की एकीमुळे दुसरी नीट समजते.

आधी एक फरक लक्षात घेऊ. ‘सर्वांत चांगला खेळाडू कोण’ हा एक प्रश्न आणि ‘ही एक क्रिया सर्वांत चांगली कोण करतो’ हा दुसरा प्रश्न. पहिल्याचं उत्तर स्पर्धेचा निकाल देतो. दुसऱ्याचं उत्तर द्यायचं तर तीन गोष्टी ठरलेल्या असाव्या लागतात. त्या क्रियेला नाव हवं. ती कशासाठी करायची हे माहीत हवं. आणि ती कशी झाली याचा काही पुरावा मागे राहायला हवा. नाव, प्रयोजन आणि पुरावा. या तिन्हींचं काय झालं, ते आता पाहू.

प्रयोजनापासून सुरुवात करू. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लांच्या व्यायामांत खांबावरच्या मेहनतीचा उल्लेख येतो. म्हणजे खांब जुना आहे. पण आज आपण ज्याला मल्लखांब म्हणतो त्याची परंपरा पुण्याच्या पेशवाईत, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, बाळंभटदादा देवधरांपाशी जाऊन पोचते. कथा तुम्ही ऐकलेली असेल. निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब असे दोन पैलवान पुण्यात आले, त्यांनी दरबारात आव्हान दिलं, कोणी पुढे येईना. तरुण बाळंभटांनी ते स्वीकारलं, तयारीसाठी मुदत मागितली आणि वणीच्या सप्तशृंगीला जाऊन उपासना केली. तिथे झाडावरच्या वानरांच्या हालचालींतून, कोणी म्हणतात मारुतीच्या दृष्टान्तातून, त्यांना ही विद्या सुचली आणि परत येऊन त्यांनी कुस्ती जिंकली.

ही कथा परंपरेची आहे आणि ती परंपरा म्हणूनच घ्यावी. पण तिच्यात एक गोष्ट पक्की सांगितलेली आहे. मल्लखांब कुस्तीसाठी होता. खांबाच्या अवयवांची नावं बघा. वर बोंड, त्याच्याखाली मान, आणि मग अंग. हा खांब म्हणजे उभा केलेला प्रतिस्पर्धीच आहे. त्याला एरंडेल चोळतात. त्यामुळे अंग सोलवटत नाही, पण पकड निसटू लागते आणि ती अधिक घट्ट करावी लागते. अशा काळात ‘अढी कोणाची चांगली’ या प्रश्नाला सरळ उत्तर होतं. अढी म्हणजे पायांचा विळखा, ज्यात हात मोकळे राहतात. ज्याच्या पायांच्या विळख्यातून आखाड्यात समोरचा पैलवान सुटत नाही, त्याची अढी चांगली. मोजमाप खांबाच्या बाहेर, तांबड्या मातीत होतं.

आता बर्फाकडे वळू. ‘फिगर स्केटिंग’मधली फिगर म्हणजे नाचणाऱ्या शरीराची आकृती, असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. तसं नाही. फिगर म्हणजे पात्याने बर्फावर कोरलेली आकृती. वर्तुळं, आठचा आकडा, त्याचे अनेक प्रकार. स्केटर एका पायावर ती आकृती काढायचा, पुन्हा त्याच रेषेवरून फिरायचा, पुन्हा तिसऱ्यांदा. मग परीक्षक बर्फावर उतरून, वाकून, रेषा एकमेकींवर किती नेमक्या पडल्या आहेत ते बघायचे. पुरावा म्हणतात तो असा. माणूस निघून गेला तरी त्याचं काम बर्फावर उरलेलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॅक्सन हेन्स नावाच्या अमेरिकन माणसाने व्हिएन्नात संगीत आणि नृत्य यांची जोड दिली, लोक वेडे झाले, पण खेळाचा पाया मात्र पुढची शंभर वर्षं त्या आकृत्याच राहिल्या.

नावांच्या बाबतीत मात्र दोघांचे रस्ते अगदी निराळे. स्केटिंगने क्रियांना माणसांची नावं दिली. नॉर्वेच्या ॲक्सेल पॉलसनने १८८२ साली व्हिएन्नात पुढे तोंड करून उडी घेतली, दीड फेरा मारला आणि पाठमोरा उतरला. ती ॲक्सेल. स्वीडनचा उलरिक साल्को दहा वेळा जगज्जेता झाला, १९०९ साली त्याने केलेली उडी साल्को म्हणून ओळखली जाते. ऑस्ट्रियाच्या आलोइस लुट्झची १९१३ सालची उडी ती लुट्झ. पॉलसनच्या दीड फेऱ्याचे पुढे साडेचार झाले. २०२२ साली अमेरिकेच्या इलिया मालिनिनने ते स्पर्धेत पहिल्यांदा करून दाखवलं. एकशे चाळीस वर्षांचा हा हिशेब आपण एका नावाच्या धाग्याने मांडू शकतो.

पण नाव नेहमी पहिल्या माणसालाच मिळतं असं समजू नका. एक पाय मागून डोक्याच्या वर ओढून, दोन्ही हातांनी पातं धरून जी गिरकी घेतात, तिला बिएलमन म्हणतात. १९८१ची जगज्जेती, स्वित्झर्लंडची डेनिस बिएलमन, तिच्यावरून हे नाव पडलं. तिच्या आधीही इतर काही जणींनी ही गिरकी केली होती. लोकांच्या डोळ्यांत मात्र तिची भरली. म्हणजे कधी कधी ‘सर्वांत चांगलं कोण करतं’ याचा निवाडा नाव देतानाच होऊन जातो.

आपल्याकडे काय झालं? अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, वेल, सुईदोरा, झाप, फरारा, सलामी, ताजवा. ऐकायला किती गोड नावं आहेत! खांबाला वळसे घेत वर चढायचं तो वेल. आपलाच हात आणि खांब यांच्यामधल्या फटीतून अंग ओवून काढायचं तो सुईदोरा. तराजूच्या दांडीसारखं शरीर आडवं तोलून धरायचं तो ताजवा. काखेत खांब धरायचा ती बगली. या नावांत घर आहे, शेत आहे, बाजार आहे. मुलाला नाव सांगितलं की अर्धी क्रिया तिथेच समजते. लुट्झ म्हटल्यावर तसं काही समजत नाही. पण या सगळ्या यादीत माणसाचं नाव कुठे आहे? पहिला सुईदोरा कोणी ओवला, फरारा निशाणासारखा ताठ कोणी धरला, हे आपल्याला नावांवरून कळत नाही.

याचा अर्थ परंपरा माणसांना विसरली, असा नाही. तिने गुरू लक्षात ठेवले. १८१८ साली पेशवाई बुडाली, बाजीराव ब्रह्मावर्ताला गेला, आणि बाळंभटदादांची विद्याही उत्तरेत गेली. नानासाहेब, तात्या टोपे आणि झाशीच्या राणीने तिथे मल्लखांबाचे धडे घेतले असं सांगतात. काशीत वेतावरचा मल्लखांब होता, पुढे वेताची जागा दोरीने घेतली. कोंडभटनाना गोडबोले, दामोदरगुरू मोघे ही नावं शिष्यपरंपरेत आदराने घेतली जातात. विद्या कोणी कोणाला दिली, हे आपण जपलं. त्या विद्येतलं कोणतं अंग कोणाचं विशेष होतं, हे जपलं नाही. हा फरक आमच्या मते फार महत्त्वाचा आहे, त्याच्याकडे आपण शेवटी परत येऊ.

आता विसाव्या शतकात या. दोन्हीकडे एकच घटना घडते. मूळ प्रयोजन सुटतं.

स्केटिंगचं आधी सांगतो. १९७२ साली जपानमध्ये साप्पोरोला हिवाळी ऑलिंपिक झालं. त्या वेळी निम्मे गुण आकृत्यांना होते. ऑस्ट्रियाच्या बेआट्रिक्स शुबाने आकृत्यांत एवढी मोठी आघाडी घेतली, की मुक्त स्केटिंगमध्ये ती सातवी आली तरी सुवर्णपदक तिचंच. मुक्त स्केटिंगमध्ये पहिली आलेली अमेरिकेची जॅनेट लिन एकूण तिसरी. टीव्हीवर लोकांना दिसत होतं ते मुक्त स्केटिंग. त्यांना वाटलं, हा काय न्याय? खरं तर अन्याय झाला नव्हता. शुबाच्या आकृत्या अप्रतिम होत्या. पण त्या बघायला कोणी थांबत नव्हतं. पुढच्याच वर्षी आकृत्यांचं वजन घटवलं, ठरावीक क्रियांचा एक छोटा कार्यक्रम आणला, आणि १९९०च्या जागतिक स्पर्धेनंतर आकृत्या पूर्णपणे गेल्या. आज फिगर स्केटिंगमध्ये फिगर शिल्लक नाही. नाव तेवढं राहिलं आहे.

आणि मल्लखांबात मल्ल कुठे आहे? तोही गेलाच. १९१४ साली अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघालं. पुण्यात १९२४ साली कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी महाराष्ट्रीय मंडळ काढलं. अशा संस्थांनी मल्लखांब तालमीतून शाळकरी मुलांपर्यंत आणला. त्यातल्या बहुतेकांना कुस्ती खेळायचीच नव्हती. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या पथकाने तिथे भारतीय व्यायाम करून दाखवले, तेव्हा बघणाऱ्यांना त्यात कुस्तीची पूर्वतयारी दिसण्याचं कारणच नव्हतं. त्यांनी ते देखणं कसब म्हणून पाहिलं. पुढे काही काळ मल्लखांब राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्सच्या आसऱ्याने राहिला, आणि १९८१ साली त्याचा स्वतंत्र अखिल भारतीय महासंघ झाला. स्पर्धा म्हटली की नियमावली आली, क्रियांच्या काठिण्याच्या पायऱ्या आल्या, घड्याळ आलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईत शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धाही झाली.

आता अडचण कशी उभी राहते बघा. अढी कुस्तीसाठी होती तोवर ती चांगली की वाईट हे कुस्ती सांगत होती. कुस्ती सुटल्यावर कोण सांगणार? आकृती बर्फावर होती तोवर बर्फ सांगत होता. आकृती गेल्यावर कोण सांगणार? परीक्षकाची नजर. आणि नजरेवर विश्वास किती ठेवायचा?

स्केटिंगला याचा झटका २००२ साली सॉल्ट लेक सिटीत बसला. जोड्यांच्या स्पर्धेत परीक्षणात गैरप्रकार झाल्याचं बाहेर आलं, आणि रशियन जोडीबरोबर कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक द्यावं लागलं. तोवर सहापैकी गुण देण्याची पद्धत होती. एक आकडा तंत्राचा, एक सादरीकरणाचा. त्या दोन आकड्यांत लुट्झ कशी झाली, गिरकी कशी झाली, हे कुठेच वेगळं नोंदलेलं नसायचं. २००४ साली नवी पद्धत आली. तिच्यात प्रत्येक क्रियेला मूळ किंमत असते आणि ती किती चांगली झाली यासाठी वर-खाली गुण असतात. २०१८पासून हे उणे पाच ते अधिक पाच असे असतात. चित्रीकरण थांबवून बघतात. लुट्झ ही पात्याच्या बाहेरच्या कडेवरून घ्यायची उडी. अनेक जण शेवटच्या क्षणी पाऊल आतल्या कडेवर कलतं करतात. मग ती लुट्झ उरतच नाही, जाणकार तिला चेष्टेने ‘फ्लुट्झ’ म्हणतात. पूर्वी हे खपून जायचं. आता त्याचे गुण कापले जातात.

म्हणजे आमच्या श्रोत्यांच्या घरातला वाद आज निदान अर्धा तरी सोडवता येतो. हान्यूची तीन फेऱ्यांची ॲक्सेल का वाखाणली जाते? कारण तो अवघड पावलांतून, जवळपास काहीच तयारी न दाखवता ती उचलतो आणि उतरतो तेव्हा त्याचा वेग कमी होत नाही. दक्षिण कोरियाच्या किम युनाची लुट्झ आणि तिला जोडलेली दुसरी उडी अशीच. कड स्वच्छ, वेग भरपूर. लाम्बिएलच्या गिरकीत केंद्र सरकत नाही आणि अंगाची मांडणी बदलताना वेग मोडत नाही. हे ‘मला आवडतं’च्या पलीकडचं बोलणं आहे. इथे बोट दाखवता येतं, आणि समोरच्याला ते खोडूनही काढता येतं. ज्या वादात बोट दाखवता येतं तो वाद निरर्थक नसतो.

आकड्यांना मात्र त्यांची मर्यादा आहे. इना बाउअर ही जर्मन स्केटर. एक गुडघा वाकवून, दोन्ही पाय समांतर ठेवून बाजूला घसरत जायची एक मुद्रा तिच्या नावाने ओळखली जाते. २००६ साली तुरीनच्या ऑलिंपिकमध्ये जपानच्या शिझुका अराकावाने ही मुद्रा कमरेतून पाठ पूर्ण मागे झोकून केली. नव्या पद्धतीत या मुद्रेला स्वतंत्र किंमत नव्हती. गुणांसाठी बघितलं तर ते सेकंद वायाच गेले म्हणायचे. तिने तरीही ती केली, सुवर्णपदकही मिळवलं, आणि त्या वर्षी जपानमध्ये ‘इनाबाउआ’ हा शब्द लहानथोरांच्या तोंडी झाला. आज ती मुद्रा म्हटली की लोकांना अराकावा आठवते.

आमच्या मनात मल्लखांबाविषयी जी काळजी आहे ती इथेच आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही पुण्यात एका स्पर्धेला प्रेक्षक म्हणून बसलो होतो. एक मुलगी दोरीवर चढली. दोरीच्या मल्लखांबात गाठ मारायला परवानगी नसते, सगळा भार पायाच्या अंगठ्याच्या आणि अंगाच्या पकडीवर. तिने वर जाऊन पद्मासन घातलं, हात सोडले आणि बसून राहिली. दोरी हलत नव्हती. जिला मुळातच झुलायचं असतं ती दोरी हलत नव्हती! शेजारी एक वयस्क गृहस्थ बसले होते, हाताला तालमीचे घट्टे. ते एवढंच म्हणाले, “आसन असं हवं.” निकालात ती मुलगी बरीच खाली होती. तिच्या संचात अवघड क्रिया कमी होत्या, नियमाप्रमाणे निकाल बरोबरच होता. आमची तक्रार निकालाबद्दल नाही. आमची खंत अशी, की त्या मुलीचं नाव आम्ही विचारलं नाही. त्या गृहस्थांनीही विचारलं नाही. त्या दिवशीचं सर्वांत चांगलं आसन कोणी केलं, याची नोंद कुठेच नाही.

पुरस्कार मिळतात, मिळायलाच हवेत. हिमानी परबला २०२१चा आणि सागर ओव्हाळकरला २०२२चा अर्जुन पुरस्कार मिळाला, उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली, याचा आम्हाला आनंद आहे. पण पुरस्कार पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, खेळाडू मोठा आहे हे सांगतो. दुसरा प्रश्न, म्हणजे कोणाचं काय पाहावं, हा अजून तालमीच्या पारावरच आहे, आणि पारावर बसणारी माणसं एकेक करून कमी होत आहेत. बडोद्याहून १९३६ ते १९४९ या काळात करंदीकर-मुजुमदारांनी दहा खंडांचा ‘व्यायामज्ञानकोश’ काढला. एवढं काम त्या काळात झालं, म्हणून क्रियांची नावं आणि वर्णनं आपल्या हाती आहेत. क्रियांचा कोश झाला. त्या क्रिया उत्तम करणाऱ्यांचा व्हायचा राहिला.

तो कसा करायचा? कशाकडे बघायचं हे आधी ठरवावं लागेल, आणि ते ठरवायला जुनं प्रयोजन अजूनही उपयोगी पडतं. अढीत हात खरोखर मोकळे आहेत का, की बोटं चोरून आधार घेतात? एरंडेलावर अंग किती घसरलं? वेलाचे वळसे सारख्या अंतराने पडले का? सुईदोऱ्यात अंग ओवताना हिसका बसला का? ताजव्यात दांडी खरोखर आडवी आहे, की एका पारड्याकडे झुकली आहे? बघा, कुस्ती सुटली तरी पकडीची सच्चाई तपासता येते, आणि नावातच कसोटी दडलेली आहे. ताजव्याला ताजवा म्हटलं तेव्हाच तो कसा असावा हे आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवलं होतं. लुट्झच्या नावात ही सोय नाही, तिथे नियमपुस्तक लागतं.

तेव्हा श्रोत्यांच्या प्रश्नाला आमचं उत्तर असं. वाद जरूर घाला. फक्त ‘मला आवडतं’वर थांबू नका, कुठे बघायचं ते दाखवा. आणि ज्यांना मल्लखांबाची संगत आहे त्यांना एक विनंती. तुमच्या घरात किंवा व्यायामशाळेत जुनी छायाचित्रं असतील, स्पर्धांची पत्रकं असतील, पाठीमागे पेन्सिलीने नावं लिहिलेली असतील, तर ती जपा. एखाद्या वृद्ध गुरुजींना विचारा, तुमच्या काळात फरारा कोणाचा चांगला होता आणि का. त्या ‘का’सकट लिहून ठेवा. पुढच्या स्पर्धेला गेलात आणि कोणाची साधी अढी मनात भरली, तर निकालाची वाट न बघता त्या मुलाचं, त्या मुलीचं नाव विचारा. आम्ही एकदा विचारायचं राहून गेलो आहोत.

इथेच थांबतो.